उशिरा येणारं चित्र

दुपारी पडल्या पडल्या अजूनही मला कधीकधी ती हाक ऐकू येते. छपरांच्या वरून, वाऱ्याबरोबर जराशी इकडेतिकडे होत, कुणी आभाळालाच विचारावं तशी: "आलं का?" मग खालून, कुठल्यातरी खोलीतून उत्तर, "आलं, आलं… गेलं." आणि पुन्हा वरून, "आता?"

हाक मारणारे गृहस्थ आमच्या गल्लीच्या शेवटी, उतार संपतो तिथे राहायचे. त्यांचं खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत असावं. मुलांनी त्यांचं आलंकाका करून टाकलं आणि मोठ्यांनीही तेच उचललं. बायकोला आलंकाकू म्हणायचाही प्रयत्न झाला, पण तिने तो चालू दिला नाही. ती कपडे शिवायची, आणि हातात कात्री असलेल्या बाईशी कुणी फार हुज्जत घालत नाही. ती शिवणताईच राहिली.

आलंकाका तरुणपणी पत्र्याची छपरं रंगवायचे. टेकडीवर टीव्हीचा मनोरा उभा राहत होता तेव्हा ते एका गोदामाच्या छपरावर लाल रंगाचा डबा घेऊन बसले होते. त्या दिवशी मनोऱ्याचा वरचा तुकडा दोरांवरून इतका हळूहळू वर गेला, की बघता बघता त्यांच्या कुंचल्यावरचा रंग वाळला, असं ते सांगायचे. पुढे गावात टीव्हीचे संच आले. संच विकणाऱ्या दुकानदाराला छपरावर चढणारा माणूस हवा होता, आणि छपरावर घरातल्यासारखा वावरणारा माणूस गावात एकच होता. अँटेना कशी फिरवायची हे दुकानदाराने एकदा दाखवलं. बाकीचं ते वाऱ्याकडून आणि खालून ओरडणाऱ्या बायकांकडून शिकले.

हे काम तिघांचं असायचं. एक छपरावर, एक संचासमोर, आणि एक मध्ये, जिन्यात किंवा खिडकीत, निरोप पोचवायला. पडद्यावर पांढरेकाळे ठिपके वळवळत असले तर "मुंग्या आहेत". चित्र वर वर सरकत असलं तर "लोळतंय". आणि एका माणसाची दोन माणसं दिसत असली, खऱ्या माणसाच्या शेजारी एक फिकट जुळा, तर "सावली आहे". ही भाषा घरोघर एकच होती. जिला पत्र लिहायला शिकवणी लावावी लागली असती अशी म्हातारीही छपराकडे मान करून बिनचूक सांगायची, मुंग्या गेल्या, पण सावली आहे हो.

"वरून बघितलं ना वहिनी," आलंकाका मला एकदा म्हणाले होते, "तर सगळं गाव टेकडीकडे तोंड करून बसलेलं दिसतं. वर्गात फळ्याकडे बघतात तसं." रात्रीतून वारा येऊन एखादी अँटेना वळली तर ते तिला मागच्या बाकावरची म्हणायचे.

माणूस मात्र फार उतावळा. हात सतत चालता. खालून "आलं" शब्दातला "आ" निघाला की त्यांची मूठ थांबायची, तेवढी झटपट. उत्तर द्यायला कुणी वेळ लावला की चिडायचे. विचार करत बसू नका, आलं की सांगा, गेलं की सांगा, एवढंच काम आहे तुमचं.

आमच्या घरी अँटेना लावायला आले तेव्हा आमचे हे बँकेत गेले होते, त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत आम्हाला सिस्टरांनी घोटून घोटून शिकवलं होतं, की मुलीने खिडकीतून आवाज चढवायचा नाही. मी खिडकीपाशी जाऊन नीट वाक्य जुळवलं. म्हटलं, भाऊजी, चित्र बरंच स्पष्ट झालं आहे, फक्त डाव्या बाजूला किंचित हालतं आहे. तोवर वरची अँटेना निम्मं आभाळ फिरून आली होती. असं दोनचारदा झाल्यावर ते खाली उतरले, दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला पत्र लिहिताय का?"

शेवटी त्यांनी तोडगा काढला. चित्र आलं की खिडकीतून पांढरा रुमाल बाहेर धरायचा, गेलं की आत घ्यायचा. पुढची सगळी वर्षं, दर वादळानंतर, आमच्याकडचं काम रुमालावर चाललं. हे माझी चेष्टा करायचे. तह करतेय बघा, म्हणायचे.

आता गंमत अशी, की सगळ्या गावाला चित्र दाखवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात चित्र यायला तयार नव्हतं. गल्ली त्यांच्या घरापाशी एकदम खाली उतरते, आणि टेकडीचा एक खांदा मध्ये येतो. त्यांच्या छपरावरून मनोरा दिसतच नाही, दिसतो तो फक्त उतार आणि त्याच्यावरची झुडपं. शिवणताई म्हणायची, आमच्याकडे दिव्याखाली अंधार नाही, दिवाच नाही. आलंकाका कितीतरी रविवार त्या छपरावर काढायचे. आणि एका संध्याकाळी कंटाळून त्यांनी अँटेना टेकडीकडे पाठ करून सोडून दिली, तर आतून शिवणताई ओरडली, आलं.

ओढ्यापलीकडे एक जुनी गिरणी होती. तिच्या उंच पत्र्याच्या भिंतीवर टेकडीवरचा सिग्नल आपटून परत त्यांच्या घराकडे यायचा, भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा तसा. चित्र यायचं, पण एकटं नाही. थोडंसं टेकडीच्या खांद्यावरूनही झिरपून यायचं, त्यामुळे पडद्यावर सगळं दोन दोन. माणसाशेजारी त्याचा फिकट जुळा, झाडाशेजारी झाडाचा, नदीशेजारी दुसरी नदी. आलंकाकांना धंद्याच्या दृष्टीने याची लाज वाटायची. शिवणताईला मात्र ते आवडायचं. ती म्हणायची, बाहेरच्यांच्या घरी बिचारी एकएकटी येतात, आमच्याकडे येताना सोबत घेऊन येतात.

संध्याकाळी मनोऱ्यावरून फक्त आमच्या भागाचा म्हणून एक कार्यक्रम असायचा. नदीचं पाणी किती, बाजारात काय भाव, कुणाची गाय हरवली, उद्या ढग येणार की नाही. तो सांगायला एक निवेदिका बसायची. आमच्या डोळ्यांदेखत तिचे केस पांढरे झाले. शिवणताईला तिच्या बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती तिचे कपडे बघायची. बाही खांद्याला ओढतेय. कॉलर कुणी इस्त्री केली, वैऱ्याने? आज दोघींचंही माप चुकलंय. मशीनवर पाय चालू, डोळे पडद्यावर, आणि तोंडही चालू. मी उसवलेलं काही घेऊन गेले की तिथेच बसायचे. खोलीत कापडाच्या चिंध्या, तेलाचा वास, आणि पडद्यावर ती दुहेरी बाई नदीच्या पाण्याबद्दल बोलतेय. त्या खोलीत बसलं की आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं, आणि त्यात भिण्यासारखं काही वाटायचं नाही.

आमचे हे गेल्यानंतर मी तिथे रोजच संध्याकाळी जायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी का आलीस असंही विचारलं नाही. शिवणताईने एक स्टूल कायमचं माझ्या नावावर करून टाकलं.

मग एका सकाळी शिवणताई काज करता करता एका अंगावर कलली. हॉस्पिटलातून परत आली ती उजवा हात मांडीवर ठेवून, आणि बोलणं हरवून.

पूर्ण हरवलं नव्हतं. समजायचं सगळं. पण शब्द आत कुठेतरी खूप खोल पडलेले, विहिरीतून बादली ओढावी तसे ओढून काढावे लागायचे. लोक भेटायला यायचे, प्रेमाने विचारायचे, कशी आहेस गं? ती तोंड उघडायच्या आत पुन्हा विचारायचे, ओळखलंस ना? मग स्वतःच उत्तर द्यायचे, बरी आहे, बरी आहे, चेहरा छान दिसतोय. आणि बादली निम्म्यावरून पुन्हा खाली जायची. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मीही तशीच विचारायचे.

बोलणं शिकवायला एक तरुण डॉक्टरीण यायची. गुणी मुलगी. चित्रांचे पत्ते घेऊन बसायची, हा चमचा, ही खुर्ची. शिवणताई पत्त्यांकडे बघायची आणि खिडकीबाहेर बघायची. पण संध्याकाळी निवेदिका आपल्या जुळ्या बहिणीला घेऊन पडद्यावर आली आणि नमस्कार म्हणाली, की थोड्या वेळाने, ती नदीच्या पाण्यापर्यंत पोचेस्तोवर, खुर्चीतून आवाज यायचा, "बाही… लांब." कधी "दोघींनी… पिवळं घातलं." डॉक्टरीण एकदा मुद्दाम संध्याकाळी येऊन हे ऐकून गेली. जाताना जिन्यात आलंकाकांना म्हणाली, "काका, दिवसभरात हीच दोन वाक्यं त्या स्वतःहून बोलतात. हे तुटू देऊ नका. एकदा बंद पडलं तर परत आणणं फार कठीण जातं."

आलंकाका हसून म्हणाले होते, की तुटू कसं देईन, माझा धंदाच तो आहे.

त्यानंतर वर्षभरातच मनोऱ्यावरचं जुनं प्रक्षेपण बंद होऊन नवं, डिजिटल सुरू होणार असल्याचं जाहीर झालं. टीव्हीला एक छोटा डबा जोडायचा, अँटेना तीच. गावात सगळे खूश. मुंग्या जाणार, सावल्या जाणार. आणि खरंच तसं झालं. गावच्या अँटेना आधीच टेकडीकडे तोंड करून बसलेल्या, लोकांनी डबा जोडला आणि चित्र असं आलं, की नुकती धुतलेली खिडकी. कुणाला छपरावर जावं लागलं नाही. आलंकाकांना कुणी हाक मारली नाही. ते घराघरांत जाऊन नुसते बघून यायचे, चित्राच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि "छान आहे" म्हणायचे, दुसऱ्याच्या मुलाचं बक्षीस बघितल्यासारखं.

त्यांच्या घरी काळा पडदा होता. वर पांढऱ्या अक्षरांत, सिग्नल नाही.

जुन्या प्रक्षेपणाचं एक बरं होतं. सिग्नल कमी असला तर चित्र वाईट यायचं, पण यायचं. मुंग्यांतूनसुद्धा ओळखीचं नाक दिसायचं. या नव्याचा कारभार वेगळा. पुरेसा सिग्नल असला तर सगळं लख्ख, नाहीतर काहीच नाही. मधलं काही त्याला ठाऊकच नाही. डब्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, की अँटेना मनोऱ्याच्या दिशेला ठेवा. त्यांच्या घरातून मनोऱ्याच्या दिशेला झुडपं होती. आणि गिरणीकडे वळवली तरी पडद्यावर तेच, सिग्नल नाही.

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याने फोनवर ऐकून घेतलं आणि लगेच माणूस पाठवून डिश बसवून दिली. शेकडो वाहिन्या आल्या. त्यात आमच्या भागाचा संध्याकाळचा कार्यक्रम नव्हता, तो फक्त टेकडीवरूनच निघायचा. शिवणताई डिशवरच्या बायकांकडे बघायची. एकाहून एक शिवलेले, मढवलेले कपडे. ती काही बोलायची नाही. पहिली संध्याकाळ गेली, दुसरी गेली, आठवडा गेला. डॉक्टरीण पत्ते घेऊन आली आणि तशीच परत गेली. मुलाला वाटत होतं आईला करमणूक हवी आहे. आलंकाकांनी एक दिवस डिशची वायर काढून गुंडाळी करून खिळ्याला अडकवली.

आणि मग ते पुन्हा स्वतःच्या छपरावर चढले.

मनोऱ्यावरून दुपारी उशिरा जुने बोलपट, शेतीचं काहीबाही चालू असायचं, त्या वेळात आमचं काम चालायचं. मी संचासमोर स्टुलावर. शिवणताई खुर्चीत. त्या घराला छपराच्या बाजूला खिडकी नव्हती, नुसता एक झरोका, त्यामुळे रुमालाचा उपयोग नव्हता. तोंडानेच सांगावं लागायचं.

वरून पत्रा वाजायचा. "आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही, भाऊजी."

"आता?"

असं संपूर्ण आभाळ फिरून व्हायचं. संध्याकाळ खोलीत उतरायची, मशीनवरचं झाकण, चिंध्यांची टोपली, सगळं धूसर व्हायचं, आणि त्या धूसरात फक्त ती पांढरी अक्षरं. मला वाटायचं, जग कुठेतरी चालू आहे, नदीचं पाणी वाढतंय, कुणाची गाय हरवतेय, आणि आम्हा तिघांना कुणी सांगत नाहीये.

एकदा मात्र आलं. अक्षरं गेली आणि पडद्यावर शेत उभं राहिलं, इतकं हिरवं, की मी क्षणभर बोलायचंच विसरले. मग ओरडले, आलं. वरचा आवाज थांबला. आणि माझ्या शब्दाच्या मागोमाग शेत चौकोना-चौकोनांत फुटलं आणि विझलं.

"गेलं," मी म्हटलं.

ते वरून म्हणाले, की मी तर हलवलीच नाही. मग जरा मागे, जरा पुढे, जरा मागे. काही नाही. पुन्हा एकदा तसंच झालं, एका बाईचा हात दिसला आणि गेला. ते खाली आले तेव्हा घामाने भिजलेले होते. वायर तपासली, डबा हलवून बघितला. मग माझ्यावर घसरले.

"वहिनी, आलं तेव्हा लगेच सांगत जा ना. तुम्ही अजून पत्रच लिहिताय."

मी लगेचच सांगितलं होतं. आलं तेव्हा सांगितलं, गेलं तेव्हा सांगितलं. शिवणताई काळ्या पडद्याकडे बघत होती. तिची बोटं, डाव्या हाताची, उजव्या बाहीवरची एक सुटी दोऱ्याची गाठ चाळवत होती. आलंकाका तिच्या पायाशी जमिनीवर बसले. पडद्याकडेच बघत म्हणाले, "आपल्या घरात सिग्नल येतच नाही आता. आपण खड्ड्यात राहतो, दुसरं काय."

मला ते सहन होईना, म्हणून मी चहाला उठले. कोपऱ्यातल्या शेगडीपाशी जाऊन शिवणताईला विचारलं, साखर किती घालू गं? ती बोलली नाही. मी चमचा हातात धरून पुन्हा विचारलं, एक घालू? नको का साखर?

"थांबा, वहिनी." आलंकाकांनी हात वर केला होता, पण आवाज अगदी हळू होता. "विचारून झालं ना तुमचं? आता नुसतं थांबा. तुम्ही पुन्हा विचारता ना, की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते."

मी थांबले. आधण उकळत होतं. बाहेर कुणाची तरी सायकल उतारावरून गेली, तिच्या चाकाचा आवाज येऊन विरला. मला वाटलं काही येणार नाही. आणि मग, खूप खालून, शिवणताईचा आवाज आला.

"अर्धा."

मी चहात अर्धा चमचा साखर टाकली. मागे वळून बघते तर आलंकाका उभे राहिले होते. ते शिवणताईकडे बघत होते, मग डब्याकडे, पुन्हा शिवणताईकडे. माणूस स्वप्नातून उठून आपण कुठे आहोत ते ओळखायला लागतो, तसा चेहरा.

"हाही तसाच आहे," ते म्हणाले.

कोण, मी विचारलं.

"डबा. याला विचारलं की लगेच बोलत नाही हा. वेळ घेतो. मी विचारतो आणि पुढे जातो, विचारतो आणि पुढे जातो." ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "वहिनी, ते हिरवं शेत तुम्हाला दिसलं ना, ते मी आधीच सोडून आलेल्या जागेचं होतं. तुम्ही आलं म्हणालात आणि मी भलत्याच जागी थांबलो."

आयुष्यभर त्यांची मूठ आवाजाबरोबर थांबायची. तीच सवय नडत होती. जुन्या चित्राला विचारलं की तत्क्षणी उत्तर यायचं. हे नवं चित्र आत जमवाजमव करून मगच बाहेर पडायचं, आणि तोवर अँटेना पुढे गेलेली असायची. घरात वर्षभर ते बायकोशी ज्या धीराने बोलत होते, तो धीर छपरावर न्यायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

चहा तसाच राहिला. ते वर गेले. जाताना मला म्हणाले, आता मी विचारणार नाही. आलं आणि राहिलं, तरच सांगा.

पत्रा वाजला आणि शांत झाला. मी स्टुलावर बसले. काही नाही. पत्रा पुन्हा जरासा कुरकुरला, पुन्हा शांत. छपरावरचा माणूस इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. गिरणीच्या बाजूचा उजेड झरोक्यातून येत होता, पिवळसर, कापडाचा एक तुकडा जमिनीवर पसरल्यासारखा, आणि पुढे सरकत नाही असं वाटत असतानाच सरकत होता. मला झोप येत होती आणि येत नव्हती. या खोलीतल्या जुन्या संध्याकाळी डोळ्यांपुढे येऊन बसल्या: मशीनचा आवाज, आमचे हे दारात उभे राहून मला घरी न्यायला आलेले, पडद्यावर प्रत्येकाला एक सोबती. पत्रा कुरकुरला. शांत झाला. शिवणताईचा श्वास माझ्या शेजारी चालला होता. वर ते वाट बघत होते, खाली आम्ही वाट बघत होतो, आणि आमच्या मध्ये पत्र्याचा एक पातळ थर.

अक्षरं गेली.

नदीचा पूल दिसला. मी श्वास धरला. पूल तसाच राहिला. पुलाखालून पाणी वाहायला लागलं, पुलावरून एक गाडी गेली, शेवटापर्यंत गेली, तरी चित्र फुटलं नाही. मी उठून झरोक्याकडे गेले, मान वर केली, आणि सिस्टरांची मनातल्या मनात क्षमा मागून जेवढा होता तेवढा आवाज काढला.

"आलं! भाऊजी, आलं, राहिलंय!"

उतारावरच्या दोनतीन घरांच्या खिडक्या उघडल्या म्हणतात. वर आलंकाका जागचे हलले नाहीत. ते खांब दोन्ही हातांनी धरून उभे होते, नटबोल्ट आवळायलाही हात सुटत नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

संध्याकाळचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ते अजून वरच होते, तारेने खांब ताणून बांधत होते. निवेदिका आली. नमस्कार म्हणाली. एकटी. तिच्या शेजारची फिकट बहीण नव्हती. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती, आणि मागच्या भिंतीवरची भेगही. इतकं सगळं एकदम दिसलं, की मला जरा परक्या घरात आल्यासारखं झालं. मी शिवणताईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. मला विचारावंसं वाटलं, दिसतंय का गं, आवडलं का? मी विचारलं नाही. थांबले.

निवेदिकेने नदीचं पाणी सांगितलं. बाजारभाव सांगितले. मी थांबले. माझ्या मनात आलं, डॉक्टरीण म्हणाली ते खरं झालं, आम्हाला उशीर झाला. आलंकाका जिना उतरून दारात आले, हातात पाना, आणि तिथेच उभे राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. चित्राकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते बायकोच्या ओठांकडे बघत होते.

उद्याचे ढग सांगून झाले तेव्हा ते ओठ हलले.

"ती… दुसरी?"

आलंकाका दाराला टेकले. मग हळूच येऊन तिच्या पायाशी बसले. "ती नाही येणार आता," ते म्हणाले. "नव्या चित्रात एकटीच येते."

शिवणताईने ते ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, कुणी ओळखीचं गाव सोडून गेल्याचं कळावं तसं. मला भीती वाटली, की ती आता पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागेल. पण ती पुढे झुकली. निवेदिका निरोप घेत होती, कागद गोळा करत होती, आणि तिच्या जाकिटाची गळ्याजवळची बाजू पडद्यावर मोठी झाली होती. शिवणताई तिथे बघत राहिली. कार्यक्रम संपला, दुसरंच काही सुरू झालं. आम्ही दोघं थांबलो. आता थांबायचं कसं ते आम्हाला माहीत होतं.

"काज," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "हाताने… केलंय. मशीनचं नाही."

सगळ्या जन्मात तिने त्या बाईच्या कपड्यांवरचा टाका कधी पाहिला नव्हता. मुंग्यांतून आणि सावल्यांतून टाके दिसत नसतात. आलंकाकांनी पाना जमिनीवर ठेवला, तिच्या बाहीवरच्या त्या सुट्या दोऱ्याची गाठ बोटांनी हळूच सोडवली, आणि विचारलं, "चांगलं केलंय का?"

मी स्टूल जागेवर ठेवलं आणि निघाले. उत्तर येणार होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. उतार चढताना वर पाहिलं, तर सगळं गाव टेकडीकडे तोंड करून बसलेलं, आणि मागे, शेवटच्या घरावर एकच अँटेना पाठ फिरवून, ओढ्यापलीकडे, गिरणीच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या दांड्यावर एक पक्षी येऊन बसला होता. खोलीतून आवाज येतो का म्हणून मी जरा थांबले. खाली झरोक्यातला उजेड निळा झाला, मग पिवळा, मग पुन्हा निळा, आणि खोलीत अजून शांतता होती.